यक्ख, जखीण आणि योकाई

पिंपळाविषयी परस्परांना छेद देणाऱ्या दोन गोष्टी ऐकत आमच्या पिढीतील अनेक बौद्ध मुले वाढली. विहाराच्या अंगणातील पिंपळ हा बोधिवृक्ष, त्याला वंदन करावयाचे. गावाच्या शिवेवरचा पिंपळ मात्र मुंजाचा, तिन्हीसांजेला त्याच्याखालून जावयाचे नाही. झाड तेच, पानांची सळसळ तीच. खुलताबाद तालुक्यातील आमच्या घरी पहिली गोष्ट वडील सांगत आणि दुसरी आजी. पुढे वडिलांनी आजीला अशा गोष्टी मुलांना सांगण्यास मनाई केली. तिने ती पाळली आणि आमच्या घरातील भुते नाहीशी झाली.

ती मला पुन्हा भेटली ती अनपेक्षित वाटेने. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर लागणारी मोगलीची चित्रमालिका जपानमध्ये तयार झालेली आहे, हे त्या वेळी आम्हा मुलांना ठाऊक नव्हते. ते कळण्यास पुढची वीस वर्षे जावी लागली. घरातील मुले जपानी चित्रपट पाहू लागली, जपानी चित्रकथांची पुस्तके आणू लागली, आणि त्यांच्या शेजारी बसून मीही ती पाहू-वाचू लागलो. या चित्रपटांस ॲनिमे व चित्रकथांस मांगा म्हणतात, एवढे आता सर्वांस ठाऊक आहे. पालीच्या अभ्यासकास तेथे ओळखीची मंडळी दिसली. ताकाहाशी रूमिको या लेखिकेची १९९६ ते २००८ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘इनुयाशा’ ही चित्रकथा घ्या. त्या नावातील ‘याशा’ म्हणजे आपला यक्ष. जपानी ‘आशुरा’ म्हणजे असुर, ‘कारुरा’ म्हणजे गरुड, ‘एन्मा’ म्हणजे यम. खोडकर पोराला जपानी माणूस ज्या ‘गाकी’ शब्दाने हाक मारतो, तो मुळात ‘प्रेत’ या बौद्ध संज्ञेचा चिनी वळणाचा अनुवाद आहे.

या विषयावर विहारात एकदा बोललो असता एका ज्येष्ठ उपासकांनी मला सरळ प्रश्न केला : “आम्ही देव आणि भुते दोन्ही नदीत सोडून आलो. तुम्ही शिकलेले लोक ती पडद्यावरून पुन्हा घरात आणता, हे कशासाठी?” त्या वेळी मी दिलेले उत्तर अपुरे होते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नास सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्नाचे बळ

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, उपासकांचा प्रश्न अडाणीपणातून आलेला नाही. तो अनुभवातून आलेला आहे. माझ्या एका आत्यास बाळंतपणानंतर ताप भरला. घरच्यांनी तिला दवाखान्यात न नेता एका देवऋष्याकडे नेले. बाहेरची बाधा आहे असे त्याने सांगितले, कोंबडे मागितले, लिंबू-नारळ उतरविले. चौथ्या दिवशी ती गेली. वडिलांनी आजीच्या गोष्टी बंद केल्या त्या या मृत्यूनंतर. त्यांना गोष्ट आणि देवऋषी यांत भेद करणे शक्य नव्हते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही ते शक्य झाले नसते.

दुसरे असे की, मराठी भुतांचा समाज हा जिवंत माणसांच्या समाजाचीच प्रतिकृती आहे. मुंज झालेला पण सोडमुंज न होता वारलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो, आणि वासना उरलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो. या भुतांना मान आहे, त्यांची झाडे ठरलेली आहेत. बाळंतीण मेली की ती हडळ होते. तिच्या वाट्याला भीती आणि घृणा एवढेच येते. जात आणि स्त्रीत्व मरणानंतरही सुटत नाही, अशी ही व्यवस्था आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांत श्राद्ध न करण्याची व पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना लुटणाऱ्या व्यवस्थेशी ती फारकत होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, हे लक्षात घेतले म्हणजे हा विषय किती जिवावरचा आहे ते कळते.

म्हणून भुताखेतांच्या गोष्टी ‘आपली लोकसंस्कृती’ म्हणून जतन कराव्यात, असे सांगणाऱ्या हौशी मंडळींशी मी सहमत नाही. ज्याला त्या संस्कृतीची किंमत प्राणांनी मोजावी लागली नाही, त्याला हे जतन सोपे असते.

पाली वाङ्मयाची रीत

एवढे मान्य केल्यावर अभ्यासक म्हणून दुसरी बाजू मांडणे प्राप्त आहे. भुतांना वाङ्मयातून हद्दपार करणे हा बौद्ध मार्ग आहे काय? पाली ग्रंथ उघडले तर तसे दिसत नाही.

आपल्या घरांतून वास्तुप्रवेशापासून पुण्यानुमोदनापर्यंत ज्याचे पठण होते ते करणीयमेत्तसुत्त घ्या. अट्ठकथेनुसार त्याची उत्पत्ती एका भुताटकीच्या प्रसंगातून झाली. पाचशे भिक्खू वर्षावासासाठी एका वनात राहिले. झाडांवरील देवतांना आपली घरे सोडून खाली उतरावे लागले, भिक्खू लवकर जात नाहीत असे पाहून त्यांनी भयंकर रूपे व दुर्गंधी यांनी त्यांना हैराण केले. भिक्खू परत आले. भगवंतांनी त्यांना त्याच वनात परत पाठविले, आणि सोबत मंतरलेला दोरा न देता मैत्रीची भावना दिली. विनयातील पाचित्तियांपैकी झाडे तोडण्यास मनाई करणाऱ्या नियमाची कथाही अशीच आहे. आळवी येथील एका भिक्खूने झाड तोडताना त्यावर राहणाऱ्या देवतेच्या मुलाच्या हातावर घाव बसला. क्रुद्ध देवतेच्या मनात त्याला ठार करण्याचे आले, पण तिने स्वतःस आवरले व ती भगवंतांकडे गेली. तिचा राग आवरल्याबद्दल तिची प्रशंसा झाली आणि तिला राहण्यास दुसरे झाड दाखविण्यात आले. आणि सुजाता? निदानकथेनुसार तिची खीर होती वटवृक्षावरील देवतेच्या नवसाची. झाडाखाली बसलेल्या बोधिसत्त्वालाच तिने ती देवता मानले. आपण दरवर्षी आदराने स्मरतो ते भोजन मुळात वृक्षदेवतेसाठी शिजविलेले होते.

या कथांतील समान सूत्र असे की, येथे भुताचे अस्तित्व सिद्ध करण्याची धडपड नाही आणि त्याला नष्ट करण्याचीही नाही. भुताला एक प्रश्न विचारला जातो, किंवा भूतच प्रश्न विचारते. आळवक यक्ख भगवंतांना बाहेर हो म्हणतो, ते होतात. आत ये म्हणतो, ते येतात. असे तीन वेळा घडते. चौथ्या वेळी ते नकार देतात. मग यक्ख प्रश्न विचारतो आणि उत्तरे ऐकून बदलतो. हे तीन वेळा ऐकणे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याला आपण भीत नाही त्याचेच म्हणणे इतके शांतपणे ऐकता येते.

पेतवत्थु या ग्रंथातील एक्कावन्न कथांची घडणही अशीच आहे. समोर विद्रूप, भुकेले, तहानलेले पेत उभे असते आणि पाहणारा त्याला विचारतो की, कोणत्या कर्माने तुझी ही दशा झाली? पेत आपली हकीकत सांगते. भीती संपते आणि चौकशी सुरू होते. देवऋषी विचारतो, “तू कोण आहेस, काय घेऊन जाशील?” पेतवत्थु विचारते, “तुझ्या हातून काय घडले?” पहिल्या प्रश्नात सौदा आहे, दुसऱ्यात नीतिविचार आहे. आत्याच्या मृत्यूस कारण झाला तो पहिला प्रश्न होता.

सर्वांत बोलकी कथा धम्मपद-अट्ठकथेतील काळी यक्खिनीची आहे. एका वांझ स्त्रीने सवतीचे गर्भ पाडले. मरताना सवतीने सूड घेण्याचा निश्चय केला. पुढे एक कोंबडी तर दुसरी मांजर, एक हरिणी तर दुसरी बिबळ्याची मादी, असा आलटून पालटून एकमेकींची पिल्ले खाण्याचा क्रम चालला. शेवटी एक बाई झाली आणि दुसरी यक्खिनी. बाई बाळाला घेऊन भगवंतांच्या चरणी धावली. यक्खिनीलाही आत बोलावण्यात आले. वैर अवैरानेच शमते हे सांगणारी धम्मपदातील सुप्रसिद्ध गाथा या प्रसंगाची आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु कथा तेथे संपत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. भगवंत त्या बाईला आपले बाळ यक्खिनीच्या हाती द्यावयास सांगतात. यक्खिनी बाळाला कुरवाळते, परत देते आणि रडू लागते, कारण आता पोट कसे भरावे हे तिला कळत नाही. बाई तिला घरी नेते. घरात कोठे तिची सोय लागत नाही. उखळाजवळ ठेवावे तर मुसळ डोक्यावर पडल्यासारखे होते, दुसरीकडे पोरांचा त्रास होतो. अखेर गावाबाहेर शांत जागी तिला ठाव मिळतो. तेथे ती यंदा पाऊस अधिक, उंचावर पेरा. यंदा कमी, सखलात पेरा, असे सांगते आणि गावकरी तिला अन्न पोचवितात.

मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याने ही कथा ऐकली तर तो म्हणेल, ही तर आमच्या शिवेवरची बाई! आणि भाषाशास्त्र त्याला दुजोरा देईल. पाली यक्ख, प्राकृत जक्ख, मराठी जखीण व जाखाई ही एकाच शब्दाची वाटचाल आहे. विहिरीवरच्या ज्या साती आसरांची आजी गोष्ट सांगे, त्या आसरा म्हणजे पाली अच्छरा, संस्कृत अप्सरा. विद्यापीठात पाली शिकताना ‘अच्छरा’ हा शब्द प्रथम आला त्या दिवशी मला आजीची आठवण झाली. तिची बोली आणि माझे ग्रंथ यांत एकच शब्द उभा होता. हे सांगायला तोवर ती उरली नव्हती.

लेण्यांची साक्ष

पाली ग्रंथांना दगडाचीही साथ आहे. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातील बौद्ध लेणी आणि मातृदेवतांची ठाणी यांच्या सान्निध्याकडे लक्ष वेधले. आपल्या जिल्ह्यात तर ही देवता लेण्याच्या आतच बसलेली आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारिती व पांचिक यांचे स्वतंत्र दालन आहे, संभाजीनगरच्या लेणीसमूहातील सातव्या लेण्यातही हे जोडपे आहे.

हारिती ही मुले खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे मुले होती. भगवंतांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले. ती वेडीपिशी झाली, तेव्हा तिला विचारण्यात आले की, पाचशेंतले एक नाही तर तुझी ही अवस्था, मग ज्यांचे एकुलते एक तू खाल्लेस त्यांचे काय? तिने हिंसा सोडली आणि विहारांनी तिच्या अन्नाची जबाबदारी घेतली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहितो की, विहारांच्या भोजनशाळेत वा दारी तिची प्रतिमा असे व तिला रोज अन्न ठेवीत. महावंसात काश्मीर-गंधारात मज्झन्तिक थेरांच्या उपदेशाने पण्डक यक्ख, हारिता यक्खी व त्यांचे पाचशे पुत्र धम्मात आल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ही कथा केवळ महायानाची म्हणून बाजूस सारता येत नाही. अजिंठ्याच्या शिल्पात एका कोपऱ्यात भगवंतांवर चालून येणारी क्रुद्ध हारिती आणि दुसऱ्या कोपऱ्यात शरण आलेली हारिती एकाच दगडात दाखविली आहे, आणि मधे ती शांतपणे मूल घेऊन बसली आहे. पायथ्याच्या पट्टीत मुलांची शाळा भरली आहे. गुरुजी आहेत, लक्ष देणारी मुले आहेत आणि खेळणारीही आहेत. मुले खाणारीच्या आसनाखाली मुलांची शाळा भरविणारा तो कारागीर मला थोर कथाकार वाटतो.

हीच हारिती जपानमध्ये ‘किशिमोजिन’ झाली. तोक्योतील झोशिगाया येथील तिच्या मंदिरात ‘राक्षस’ या अर्थाची चित्रलिपीतील खूण वरच्या टोकाशिवाय लिहितात, कारण तिने हिंसा सोडताच तिची शिंगे गळाली असे मानतात. वेरूळच्या सहाव्या लेण्यात मोरासह उभी असलेली आणि पायाशी ग्रंथ वाचणारा साधक असलेली महामायूरी जपानमध्ये ‘कुजाकु म्योओ’ या नावाने गेली. ओगिनो माकोतो यांच्या १९८५ साली सुरू झालेल्या ‘कुजाकुओ’ या चित्रकथेचे नाव तिच्यावरून आले आहे. येथे एक इशारा आवश्यक आहे. याचा अर्थ जपानी चित्रकथा आपल्या लेण्यांतून निघाली असा नव्हे. तसा दावा करण्याचा मोह आपल्याकडे फार आहे आणि तो निराधार आहे. प्रवास पात्रांचा झाला. त्यांचे पुढे काय करावयाचे हे जपानी लोकांनी स्वतः ठरविले, आणि समीक्षेचा विषय तोच आहे.

चित्रकथांचे मूल्यमापन

जपानी लोकभुतांस ‘योकाई’ म्हणतात. तोरियामा सेकिएन याने १७७६ साली त्यांचा सचित्र कोशच काढला. यानागिता कुनिओ यांनी १९१० साली ‘तोनो मोनोगातारी’मध्ये एका डोंगराळ भागातील कथा लिहून काढल्या. हे भांडार चित्रकथेत आणण्याचे श्रेय बव्हंशी मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यांना जाते. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर त्यांनी डावा हात गमावला. पुढे उजव्या हाताने त्यांनी ‘गेगेगे नो कितारो’ हा स्मशानात जन्मलेला भूत-मुलगा घडविला. त्यांना योकाईंच्या गोष्टी सांगणाऱ्या गावातील वृद्धेवर त्यांनी ‘नोन्नोनबा’ ही आत्मपर चित्रकथा लिहिली. ती वाचताना मला वाटले की, मिझुकींच्या म्हातारीला कोणी गप्प केले नाही. आणि तरीही मिझुकींनी कोणाला योकाईंची पूजा करावयास लावले नाही. ज्यांनी खरा संहार पाहिला त्यांना भूत हे माणसापेक्षा कमी भयंकर वाटते. सैनिकांना निरर्थक मृत्यूकडे ढकलणाऱ्या अधिकाऱ्यांवर त्यांनी १९७३ साली स्वतंत्र चित्रकथा लिहिली. भय कोठे आहे हे त्यांना नेमके कळले होते.

मियाझाकी हायाओ यांचे दोन चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ‘मोनोनोके हिमे’ (१९९७) मध्ये अंगात लोखंडी गोळी घुसलेला रानडुकरांचा देव वेदनेने शापदूत होतो आणि एका निरपराध गावावर चालून जातो. नायक त्याला मारतो, पण मग तो शाप आला कोठून हे शोधण्यासाठी घर सोडतो. हा पेतवत्थुचा प्रश्न आहे : कोणत्या कर्माने? मात्र येथे कर्म भुताचे नसून माणसाचे निघते. ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’ (२००१) या चित्रपटास २००३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात दुर्गंधीने भरलेले एक भूत स्नानगृहात येते. चिहिरो ही मुलगी त्याच्या अंगात रुतलेले काहीतरी ओढते, तेव्हा सायकल आणि माणसांनी टाकलेला कचरा बाहेर पडतो आणि आत नदीचा देव सापडतो. आपल्या विहिरींच्या व नद्यांच्या काठी राहणाऱ्या आसरांचे आज काय झाले असेल, हे सांगावयास यापरते दृश्य नाही.

त्याच चित्रपटातील ‘काओनाशी’ म्हणजे बिनचेहऱ्याचे भूत हे माझ्या मते आधुनिक काळातील सर्वोत्तम पेत आहे. त्याला स्वतःचा आवाज नाही; ज्याला गिळते त्याच्या आवाजात ते बोलते. सोने वाटते, ते सोने पुढे माती ठरते; जितके खाते तितके भुकेजते. चिहिरो त्याचे सोने घेत नाही. तिला त्याची भीतीही वाटत नाही. ती त्याला खाल्लेले ओकावयास लावते आणि सोबत घेऊन गावाबाहेरच्या एका म्हातारीच्या घरी पोचविते. तेथे त्याला सूत-विणकामाचे काम मिळते. काळी यक्खिनीची कथा येथे डोळ्यांसमोर उभी राहते : त्याला मारावयाचे नाही, त्याची पूजाही करावयाची नाही, ठाव आणि काम द्यावयाचे. मियाझाकींनी धम्मपद-अट्ठकथा वाचली असेल असे मी म्हणत नाही. एका संस्कारात वाढलेली मने एकाच उत्तराशी येतात, एवढेच म्हणतो.

याउलट गोतोगे कोयोहारू यांची ‘किमेत्सु नो याइबा’ (२०१६–२०२०) ही तेवीस खंडांची चित्रकथा पाहा. ती जगभर गाजली, आमच्या घरातही गाजली. राक्षस मारणारा तांजिरो हा कोवळ्या मनाचा मुलगा आहे. प्रत्येक राक्षस मरताना त्याचे पूर्वायुष्य उलगडते. दारिद्र्य, अनाथपण, अपमान यांतून तो राक्षस कसा झाला ते कळते, आणि तांजिरो विरघळणाऱ्या राक्षसाचा हात हाती धरतो. येथपर्यंत रचना थेट पेतवत्थुची आहे. पण क्रम उलटा आहे. येथे तलवार आधी चालते आणि हकीकत मागून येते. करुणा आहे, परंतु ती कोणाचेच काही बदलू शकत नाही. ठळक अपवाद म्हणजे नायकाची बहीण नेझुको. ती राक्षस झाली तरी तिला मारले जात नाही, तिच्यावर विश्वास ठेवला जातो आणि ती त्या विश्वासास पात्र ठरते. आपल्या बहिणीस जी संधी मिळाली ती इतरांच्या बहिणींना का नाही, हा हारितीला विचारलेलाच प्रश्न ही कथा शेवटपर्यंत पुरता विचारीत नाही. युद्धकथेच्या सोयीसाठी लेखकाने तो टाळला, असे खेदाने म्हणावे लागते.

तेझुका ओसामू (१९२८–१९८९) यांच्या ‘बुद्ध’ (१९७२–१९८३) या चौदा खंडांच्या चित्रकथेचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. तिची मोठी जमेची बाजू अशी की, आरंभीच्या भागात नायक सिद्धार्थ नसून तात्ता हा अस्पृश्य पोर आणि चाप्रा हा शूद्र दास आहे. जन्म लपवून वर चढलेला चाप्रा ओळखला जातो आणि आईसह मारला जातो. महाराष्ट्रातील वाचकाला हे वाचताना आपल्याविषयी कोणीतरी दूरदेशी बोलले असे वाटते. परंतु तात्ताला तेझुकांनी प्राण्यांच्या शरीरात मनाने शिरण्याची अद्भुत शक्ती दिली. दलिताला माणूस म्हणून दाखविण्याऐवजी निसर्गाच्या जवळचा, अर्धा जादूगार म्हणून दाखविण्याची ही रीत आपल्यालाही परिचित आहे, आणि ती सन्मानाची नव्हे. तसेच म्हाताऱ्याच्या रूपातील ब्रह्मा तरुण सिद्धार्थाला वेळोवेळी मार्ग दाखवितो. पाली परंपरेत ब्रह्मा सहम्पती येतो तो संबोधीनंतर, आणि येतो तो याचक म्हणून, धम्म शिकवावा ही विनंती करण्यासाठी. हा क्रम बदलला की स्वतःच्या प्रयत्नाने जागा झालेला माणूस नाहीसा होतो. तेझुकांच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर ठेवून ही उणीव नोंदविणे आवश्यक आहे.

उपासकांस उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परंपरागत कथांची कठोर चिकित्सा केली. चार दृश्यांची कथा बुद्धीस पटत नाही म्हणून गृहत्यागाचे वेगळे कारण मांडले. परंतु त्याच ग्रंथात मार आहे. त्यांनी माराला वगळले नाही; मार म्हणजे मनातील दुर्विचार व विकार, असा त्याचा अर्थ लावला. मला हा दाखला निर्णायक वाटतो. आपल्यापुढे त्याग आणि स्वीकार एवढेच दोन मार्ग नाहीत. अर्थ लावणे हा तिसरा आहे आणि तो बाबासाहेबांनी चालून दाखविला आहे.

म्हणून उपासकांना माझे उत्तर असे आहे. आपण नदीत सोडले ते बरोबरच होते. नवस, उतारा, अंगात येणे, देवऋष्याची दक्षिणा यांतील काहीही परत येता कामा नये. ज्या घरात ताप आलेल्या बाईला दवाखान्यात नेण्याऐवजी लिंबू उतरवतात त्या घरात भुताची गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण गोष्ट आणि उतारा या दोन वस्तू आहेत. उतारा भीतीवर जगतो. पेतवत्थु, काळी यक्खिनी, हारिती किंवा काओनाशी यांची गोष्ट भीतीची चौकशी करते. ज्या मुलाला ही चौकशी करण्याची सवय लागली, तो देवऋष्यासमोर घाबरणार नाही. तो त्यालाच विचारील की, तुझ्या हातून काय घडले?

आणखी एक. आजीच्या गोष्टींतील जखिणी, हडळी, आसरा या बहुतेक सर्व स्त्रिया होत्या. बाळंतपणात, विहिरीत, सासुरवासात मेलेल्या स्त्रियांचा तोच एक दफ्तरखाना होता. दुसरीकडे कोठेही त्यांची नोंद नव्हती. आत्याही आज कोणाच्या कागदावर नाही. वडिलांनी गोष्ट बंद केली त्याबरोबर तिचे नावही घरात बंद झाले. मी आता मुलांना हारितीचे शिल्प दाखवितो आणि चित्रपट संपल्यावर विचारतो की, हे भूत भूत कसे झाले? त्याच संभाषणात एकदा आत्याची हकीकत त्यांना सांगितली. ती हडळ झाली असे सांगितले नाही. तिला औषध मिळाले नाही असे सांगितले. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने तिचे नाव विचारले.

आजीला गप्प करणारे वडील चुकले नव्हते आणि गोष्ट सांगणारी आजीही चुकली नव्हती. चूक होती ती दोघांच्या मध्ये बसलेल्या, कोंबडे मागणाऱ्या माणसाची. त्याला बाजूला केल्यावर शिवेवरच्या पिंपळाखालून तिन्हीसांजेला जाता येते. तो बोधिवृक्षच आहे.